आधी बैठक, मग बॅटरी

पत्र :

दादा, नमस्कार. आमचे मिस्टर वायरमन होते. दोन वर्षांपूर्वी खांबावरून पडले, मणक्याला मार लागला. डॉक्टर डी-१२, म्हणजे पाठीचा बारावा मणका, म्हणतात. कमरेखाली संवेदना नाही, हात एकदम चांगले आहेत. वय ३८, वजन ६२ किलो. एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली, तीच वापरतो. मागच्या पावसाळ्यात माकडहाडाजवळ जखम झाली होती, भरायला तीन महिने लागले. आम्ही पाटण तालुक्यात राहतो. घराला तीन पायऱ्या, मग डांबरी रस्त्यापर्यंत खडा चढ, तिथून स्टँड अडीच किलोमीटर. स्टँडजवळ गाळा घेऊन मोटर रिवाइंडिंगचं काम करायचं त्यांच्या मनात आहे. नणंदेने, दिरांनी आणि यांच्या जुन्या सोबत्यांनी मिळून १ लाख १० हजार जमवलेत. दीर म्हणतात, साताऱ्याच्या दुकानातली बटणाची बॅटरी खुर्ची घ्या, ६८ हजारांत, आरामात जाईल-येईल. कोणी म्हणतं, सरकारी बॅटरीची तीनचाकी फुकट मिळते, पैसे कशाला घालवता. हे स्वतः काही बोलत नाहीत, रात्री मोबाइलवर ती पुढे चाक जोडायची खुर्ची बघत बसतात. पैसे एकदाच जमलेत. चुकलं तर पुन्हा कुणाकडे तोंड घेऊन जायचं?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात गाड्यांची चौकशी दहा ओळींची आहे आणि जखमेला एक ओळ. मी पत्र उलटं वाचलं. माझ्या मते तुमच्या घरातला पहिला प्रश्न ती जखम आहे, गाडी दुसरा. कारण जखम ज्या खुर्चीने दिली ती खुर्ची अजून घरातच आहे, आणि तुमचे मिस्टर आत्ता, हे वाचताना, बहुतेक तिच्यावरच बसलेले असतील.

मी स्वतः बावीस वर्षं चाकांवर आहे. माझा मार डी-१०चा, म्हणजे तुमच्या मिस्टरांपेक्षा दोन मणके वर. शिबिरातली खुर्ची मलाही मिळाली होती: हार, फोटो, टाळ्या, खुर्ची. किती रुंद हवी, हे कुणी विचारलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्हीलचेअर कशी द्यावी याच्या सूचना काढल्या, त्यात चार पायऱ्या आहेत: निवड करा, मापाला बसवा, वापरायला शिकवा, नंतर पुन्हा येऊन बघा. आपल्याकडे पहिली पायरी गोदामात होते आणि उरलेल्या तीन होतच नाहीत.

ती खुर्ची बहुतेक १८ इंची सीटची असणार. दवाखान्यात पेशंट ढकलायला असते तीच. जाड, बारीक, उंच, बुटका, सगळ्यांना एकच. सीट रेक्झिनची, आणि सहा महिन्यांत तिची झोळी होते. झोळीत बसलं की दोन्ही मांड्या आत वळतात, कमरेचं हाड मागे कलंडतं, माणूस पुढे घसरून माकडहाडावर बसतो. आपण म्हणतो, "अहो, नीट बसा की." नीट बसणार कसे? खुर्चीच बसू देत नाही. त्यात सीटची खोली मांडीपेक्षा जास्त असली तर तिची कड गुडघ्यामागे टोचते. तुमच्या मिस्टरांना ते टोचलेलं कळत नाही, पण खुर्ची त्यांना पुढे ओढतच राहते. जखम माकडहाडाशीच का झाली, याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

घरी एक गोष्ट करून बघा. ते खुर्चीत बसलेले असताना तुमचा तळवा वर करून हात त्यांच्या कुल्ल्याखाली सरकवा. बसायचं हाड बोटांना लागेल, गोट्यासारखं. आता त्या हाडाखाली बोटं थोडी तरी हलतात का? चेपून बसली असतील, बाहेर काढायला ओढावी लागत असतील, तर त्या हाडावरच्या कातडीचंही दिवसभर तेच होतंय. चांगल्या गादीत बोटं निदान पाच मिलिमीटर वर-खाली सहज हलवता येतात. ही परीक्षा गादीच्या दुकानात करायची, घरी करायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण फोम मरतो. वरून गादी नवीकोरी दिसते, आतून पापड झालेली असते.

आता मापं. शिंप्याची टेप घ्या. मिस्टरांना कडक बाकावर ताठ बसवा, पाय जमिनीवर टेकलेले. मुलांची दोन जाड पुस्तकं त्यांच्या कुल्ल्यांना दोन्ही बाजूंनी उभी टेकवा, दाबू नका, आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. तीच सीटची रुंदी, फार तर वर अर्धा-पाऊण इंच. ६२ किलोच्या माणसाचं हे माप १८ निघणं अवघड, १४-१५च्या आसपास निघेल असा माझा अंदाज. मग पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन इंच वजा करा. ती सीटची खोली. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्या, कधी फरक निघतो. खळगीपासून टाचेपर्यंत चप्पल-बूट घालून मोजा, त्यातून गादीची जाडी वजा केली की पायठेवणी सीटपासून किती खाली हवी ते कळतं. हे माप लोक सोडून देतात. पायठेवणी उंच असली की गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार दोन हाडांवर येतो. फार खाली असली की पाय लोंबतात आणि माणूस परत पुढे घसरतो. शेवटी पाठ: फऱ्याच्या खालच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पाठ पुरते. त्यापेक्षा उंच पाठीला हात मागे नेताना खांदा अडतो. आणि या खुर्चीत बसून हात चाकाच्या वर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडलं पाहिजे. हात सरळच होत असेल तर सीट उंच, खांदे कानाकडे जात असतील तर सीट खाली.

रुंदीचा आणखी एक फायदा. १८ इंची खुर्ची बाहेरून सव्वीसएक इंच भरते. तुमच्या दारांची मापं तुम्ही लिहिली नाहीत, पण गावाकडच्या मोरीची आणि न्हाणीघराची दारं मला माहीत आहेत. बोटांची सालपटं निघतात. १५ इंची खुर्ची तेवीसएक इंचात बसते. तीन इंच म्हणजे काही नाही असं वाटतं, पण एकट्याने मोरीत जाता येतं की बायकोला हाक मारावी लागते, हे त्या तीन इंचांवर ठरतं.

आता दिरांची बटणाची खुर्ची. त्यांनी मायेनेच सुचवलंय, त्यांच्यावर रागावू नका. मीही तीच चूक केली होती, आणि मला तर कुणी सुचवलंसुद्धा नव्हतं. अपघातानंतर तिसऱ्या वर्षी हौसेने बॅटरी खुर्ची घेतली. पासष्ट किलो वजन. आमच्या दाराला दोनच पायऱ्या, पण पासष्ट किलो आणि वर मी! शेजारचे चौघे आले तरच बाहेर. दुकानदाराने "सर्व्हिस घरपोच" म्हणून सांगितलं होतं. पहिल्या पावसाळ्यात एक मोटर बंद पडली आणि त्याचा फोनही. ती खुर्ची आमच्या मागच्या पडवीत आहे, तिच्यावर चादरी वाळतात.

याचा अर्थ ती खुर्ची वाईट असा नाही. मानेचा मणका गेलेल्याला, बोटांत जोर नसलेल्याला, स्नायू क्षीण होत जाणाऱ्या मुलाला तीच खुर्ची म्हणजे पाय. बोटभर दांडी हलवून खोलीत फिरता येणं काय असतं, ते त्यांना विचारा. पण तुमच्या मिस्टरांचे हात "एकदम चांगले" आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला घरातल्या घरात मोटरची गरज नाही. त्यांना मोटर हवी घर ते गाळा, बस्स. आणि ६८ हजारांच्या त्या खुर्चीचीही सीट मी पैजेवर सांगतो १८ इंची झोळीच असेल. म्हणजे जखम तीच, फक्त ती आता बॅटरीवर चालणार.

सरकारी तीनचाकीचा विषय थोडक्यात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेतून कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची बॅटरी तीनचाकी मिळते. वय सोळाच्या वर लागतं, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त लागतं, उत्पन्नाची अट असते. तुमची शिबिरातली खुर्ची कोणत्या योजनेतून आली होती ते आधी शोधा, कारण त्याच योजनेतून तीन वर्षांच्या आत पुन्हा साधन देत नाहीत. गाडी दणकट असते, सामान ठेवायला जागा असते. पण ती गाडी आहे, खुर्ची नाही. घरात येत नाही, गाळ्यात जात नाही. रोज सकाळी अंगणात खुर्चीतून उचलून तीनचाकीत, स्टँडवर तीनचाकीतून दुसऱ्या खुर्चीत, संध्याकाळी परत तसंच. दिवसाला चार वेळा. प्रत्येक वेळी कुल्ला कशावर तरी घासायची एक संधी. तुम्ही लिहिलं नाही, पण उचलताना कंबर तुमची जात असणार. मला विचाराल तर ती पहिली पसंती नाही. पैसे अजिबात जमले नसते तर वेगळं बोललो असतो.

राहिलं ते पुढचं चाक. रात्री मोबाइलवर ते तेच बघत बसतात म्हणालात ना? मग ते "काही बोलत नाहीत" असं कसं म्हणायचं? दोन वर्षांत घरातल्या प्रत्येकाने आपल्यासाठी हात पसरलाय हे माहीत असलेला माणूस स्वतःची निवड मोठ्याने सांगत नाही. हे पत्र त्यांच्या हातात द्या आणि इथून पुढचं त्यांनाच वाचू द्या.

दादा, आता तुमच्याशी. तुम्ही वायरमन, मोटरचं तुम्हाला मी काय सांगणार! पण बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. हे जोड-चाक खुर्चीच्या सांगाड्याला पुढून अडकतं आणि खुर्चीची दोन छोटी चाकं इंच-दोन इंच वर उचलतं. खुर्चीची तीनचाकी होते. खरा फायदा उचलण्याचा आहे, वेग त्यानंतर. खड्ड्यात, खडीत, बैलगाडीच्या चाकोरीत अडकतात ती ही छोटी चाकंच. ती हवेत गेली की पुढे एक मोठं चाक उरतं आणि ते पार होतं. गाळ्यापाशी पोचलात की चाक सोडवायचं, दाराशी उभं करायचं, आणि त्याच खुर्चीतून आत. उठबस नाही. परदेशात मागून ढकलणारं छोटं मोटरचाकही मिळतं, मॉलच्या फरशीवर झकास. पण त्यात पुढची छोटी चाकं जमिनीवरच राहतात, त्यामुळे आपल्या रस्त्यांसाठी मी ते बघतसुद्धा नाही.

आपल्याकडे हे काम नीट केलं ते आयआयटी मद्रासच्या आर-टू-डी-टू या पुनर्वसन साधनांवर काम करणाऱ्या केंद्रातून निघालेल्या निओमोशन कंपनीने. निओफ्लाय ही मापावर बनवलेली खुर्ची आणि निओबोल्ट हे तिला जोडायचं चाक. वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, एका चार्जिंगला पल्ला २५ किलोमीटरच्या आसपास. बाजारात आली तेव्हा दोन्ही मिळून लाखाच्या आत होती. आजची किंमत विचारूनच हिशोब करा. आणखीही बनवणारे आहेत, बघा. पण एक अट माझ्याकडून: खुर्ची आणि चाक एकाच बनवणाऱ्याचं, किंवा चाक बनवणाऱ्याने तुमची खुर्ची डोळ्यांनी बघून लेखी हो म्हटलेली. शिबिराच्या घडीच्या खुर्चीला कुणी स्थानिक वेल्डरकडून चाक जोडून देतो म्हणाला तर हात जोडा. तो सांगाडा ढकलण्यासाठी असतो, ओढला जाण्यासाठी नसतो. सीटखालच्या घडी होणाऱ्या फुलीचे नट ढिले होतात, आणि होतात ते उतारावर.

तुमची खरी अडचण चढ आहे. यात मोटर पुढच्या चाकात आणि तुमचं वजन मागच्या दोन चाकांवर. चढावर वजन आणखी मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी गरगरतं. कोरड्या डांबरावर चालून जाईल. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात, शेवाळलेल्या काँक्रीटवर किंवा लाल मातीवर काय होईल ते तुम्हीच सांगा. छाती पुढच्या दांडीवर टेकवली, पिशवी मांडीवर घेतली, तर फरक पडतो. मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल एक-दोन भोकं मागे घेतला तरी पुढे वजन वाढतं, फक्त मग हाताने ढकलताना खुर्ची जड लागते. घरात हलकी हवी की चढावर घट्ट हवी, हे तुम्ही ठरवायचं. अ‍ॅक्सल सरकवता येणारी खुर्ची मात्र घ्याच, म्हणजे निर्णय बदलता येईल.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला म्हणा, ट्रायल माझ्या चढावर. शोरूमसमोर नको, यूट्यूबवर नको. चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथून पुन्हा सुरू करा. चढावर थांबलेली गाडी हलवणं हीच परीक्षा. उतरताना ब्रेक दाबून बघा. जवळजवळ सगळा ब्रेक पुढच्याच चाकावर असतो, म्हणून उतारावर माणसाच्या चालीने जायचं आणि वळणावर त्याहून हळू. तीन चाकं वळणावर कलंडतात, ताशी २५ हा आकडा सरळ रस्त्याचा. रिव्हर्स आहे का, बघा. चाक स्वतः एकट्याने जोडता-सोडवता येतं का, हे दहा वेळा करून बघा. दहातल्या एका वेळी जरी बायकोला हाक मारावी लागली तरी विक्रेत्याला तिथेच अडवा. ट्रायलला पाऊस असला तर नशीब समजा. चढ जमलाच नाही, तर तेवढ्या टप्प्यात कुणी मागून हात लावेल का, याचा विचार करा. रोजचे दोन मिनिटांचे ढकलणारे हात गावात मिळतात. अडीच किलोमीटर कुणी ढकलत नाही.

आणि पाय बांधा. पोटरीला एक, पावलाला एक पट्टा. खडबडीत रस्त्यावर पाय पायठेवणीवरून घसरतो आणि आपल्याला पत्ता नसतो. माझ्या डाव्या पायाची करंगळी अशीच गेली. रस्त्यात एका शाळकरी पोराने ओरडून सांगितलं, "काका, रक्त!"

बॅटरीचं तुम्ही बघालच. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास तुम्ही स्वतः करा, "इतके किलोमीटर" या स्टिकरवर जाऊ नका. तो आकडा सपाट रस्त्याचा असतो. बॅटरी काढून घरात आणता येते का आणि कनेक्टर पावसात किती टिकेल, यावर तुमचं मत माझ्यापेक्षा भारी.

ताई, पैशाचं. १ लाख १० हजारांतून आधी मापाची खुर्ची, तिच्याबरोबर चांगली गादी, मग चाक. एकदम जमत नसेल तर चाक सहा महिन्यांनी घ्या, पण गादी आजच. हवेची गादी भारी असते, पण रोज हवा तपासावी लागते आणि पंक्चर होते. आकार दिलेल्या चांगल्या फोमची गादी सांभाळायला सोपी. एकदा जखम झालीय, म्हणून कोणती घ्यायची हे थेरपिस्टला दाखवून ठरवा. मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. तुम्हाला त्याहून जवळ कोल्हापूर. तिथे नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड आहे. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. तिथे एकदा मिस्टरांना घेऊन जा, त्यांच्यासारखी माणसं कशी बसतात, कशी वळतात, ते बघू द्या. दुकानदाराच्या दहा माहितीपत्रकांपेक्षा ते बरं.

दारातल्या पायऱ्यांवर उतार (रॅम्प) बांधायचा खर्च या पैशातून करू नका. ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी असतो, त्यातून मागा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. हिशोब असा: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तुमच्या तीन पायऱ्या सात-सात इंचांच्या धरल्या तर एकवीस इंच, म्हणजे एकवीस फूट उतार. अंगण पुरत नसेल तर मध्ये पाच फुटांचा सपाट चौथरा घालून वळवा. गवंडी म्हणेल, "एवढा कशाला, आठ फुटांत बसवतो." आठ फुटांचा उतार बकऱ्यांसाठी ठीक आहे. वरचा थर गुळगुळीत घोटू नका, झाडूने ओरखडे मारायला सांगा.

गाळ्यात काम सुरू झालं की ते तासन्‌तास बसणार, तेव्हा मोबाइलला अर्ध्या तासाचा गजर लावा. हातांवर उचलून धरणं खांद्यांना महाग पडतं. त्यापेक्षा कामाच्या टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकायचं, दोन मिनिटं. त्या वेळात कॉइलची एखादी बाजू गुंडाळूनही होईल. टेबलाची उंची मात्र नवी खुर्ची आल्यावर, गादीसकट मोजून करा, सुताराला आधी बोलावू नका. रात्री आरशात कुल्ले आणि माकडहाड बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी गाळा बंद. गिऱ्हाईक थांबतं. मी एकदा "दोन दिवसांनी बघू" म्हणालो आणि चार महिने पालथा झोपून काढले.

मापं घेतलीत की एका कागदावर लिहून मला पाठवा. दुकानदाराला देण्याआधी एकदा बघून देतो. आणि गाळा सुरू झाला की कळवा. पडवीतल्या त्या खुर्चीच्या जळक्या मोटरकडे इकडच्या कुणीच अजून नीट बघितलेलं नाही.